जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचं टाइमिंग: कधी बघायचं, कसं लावायचं

सकाळी ट्रॅक्टर उठत नाही. उठला तर पांढऱ्या धुराचा लोट सोडतो, आणि रोटाव्हेटर जमिनीला टेकवला की मान टाकतो. असं झालं की पारावरून पहिला निकाल येतो, "पंपाचं टाइमिंग गेलं," म्हणजे डिझेलचा फवारा सुटायची वेळ चुकली. मग कुणीतरी पान्हा घेतो, पंपाचे नट ढिले करतो, पंप जरा इकडे जरा तिकडे फिरवून बघतो. मूळ बिघाड होता तिथेच राहतो आणि टाइमिंग मात्र आता खरोखरच जातं.

आमच्या घरच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर मी हे भोगलंय. पेरणीच्या तोंडावर चार दिवस गेले. वापसा आला होता, शेजारच्या रानात पाभर फिरत होती आणि आमचं यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. शेवटी दोष सापडला तो टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीत. जोडाशी केसाएवढी चीर होती आणि तिथून पाइप हवा ओढत होता. तोवर पंप मात्र तीनदा फिरवून झाला होता. त्यानंतर मी हे काम नीट शिकून घेतलं. ज्याला पान्हा धरता येतो, पण पंपाला हात लावायची भीती वाटते, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. ती भीती चांगली आहे, ती ठेवूनच काम करा.

टाइमिंग आपणहून हलत नाही

पंप गिअरने थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, बांधलेला असतो. क्रँकचे दोन फेरे झाले की पंपाचा एक. ही जोडी रोज थोडी थोडी सरकत नाही. टाइमिंग बिघडायला ठरावीकच कारणं असतात. पंप कॅलिब्रेशनला उतरवला आणि बसवताना जुनी खूण धरली नाही. फ्लँजचे, म्हणजे पंप इंजिनाला बसतो त्या कडेचे, नट ढिले राहिले आणि पंप थरथरत फिरला. कपलिंग किंवा शाफ्टची चावी झिजली. टायमिंग कव्हर (गिअरवरचं झाकण) उघडून पुन्हा लावताना गिअर एक दात चुकला. किंवा पंपाच्या आतला कॅम आणि टॅपेट (डिझेल दाबणारा दट्ट्या उचलणारे भाग) झिजून डिझेल सुटायला वर्षानुवर्षांत उशीर होत गेला.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: ट्रॅक्टर शेवटचा चांगला चालला त्या दिवसानंतर पंपाला किंवा टायमिंग कव्हरला कुणी हात लावला का? उत्तर "नाही" असेल आणि फ्लँजवरच्या दोन्ही खुणा समोरासमोर असतील, तर दोष बहुतेक दुसरीकडे आहे.

एक दात चुकला तर किती फरक पडतो ते एकदा मोजून बघा. समजा पंपाच्या गिअरला ४८ दात आहेत. एक दात म्हणजे पंपाचे साडेसात अंश आणि क्रँकचे त्याच्या दुप्पट, म्हणजे १५ अंश. एवढी चूक पंप फिरवून भरून निघत नाही, कारण फ्लँजच्या लांबट भोकांत तेवढी जागाच नसते. पंप एका टोकाला नेऊनही खूण जुळत नसेल तर कव्हर उघडून गिअरच्या खुणा बघाव्या लागतील. जोर लावू नका.

लवकर आणि उशिरा

पिस्टन हवा दाबत वर येतो आणि अगदी वर पोचण्याच्या थोडं आधी डिझेलचा फवारा सुरू व्हावा लागतो, कारण डिझेल पेटायला क्षणभर वेळ घेतं. तो "थोडं आधी" म्हणजेच टाइमिंग, आणि तो क्रँकच्या अंशांत मोजतात. किती अंश, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्येही इंजिन किंवा पंप बदलला की हा आकडा बदलतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला लावायचा नाही. इंजिन नंबर आणि पंपावरच्या पट्टीचा नंबर लिहून घ्या आणि त्यावरूनच आकडा मिळवा.

फवारा उशिरा होत असेल तर इंजिनाचा आवाज मऊ आणि दबलेला येतो, सायलेन्सर नको तितका तापतो, लोडवर दम लागत नाही, पाणी गरम होतं आणि थंड इंजिन डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडतं. लवकर होत असेल तर आवाज कडक होतो. पत्र्यावर खडे टाकल्यासारखी खडखड रिकाम्या गतीलाही ऐकू येते, आणि स्टार्टर मारताना इंजिन कधीकधी उलटा झटका देतं. लवकरचं टाइमिंग जास्त घातक, कारण त्यात हेड गॅसकेट, पिस्टन आणि बेअरिंग मार खातात. काही जण "जरा ओढ वाढते" म्हणून मुद्दाम टाइमिंग पुढे ठेवतात. दोन हंगाम ओढ मिळते, पण पुढे इंजिन खोलायचा खर्च त्याहून मोठा येतो.

धुराच्या रंगावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पांढरा धूर डिझेलच्या वासाचा आहे की नुसती वाफ, ते ओळखा. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे येत असतील, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय आणि तो हेड गॅसकेटचा विषय आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुतेक वेळा बुजलेल्या एअर क्लीनरचा किंवा जास्त डिझेल सोडणाऱ्या पंपाचा असतो. थेंब थेंब गळणारं एक नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) पांढरा धूर आणि खडखड दोन्ही देतं, म्हणजे चुकलेल्या टाइमिंगची हुबेहूब नक्कल करतं.

पंपाला हात लावण्याआधी

टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र साफ आहे का बघा. ते मातीने बुजलं तर ट्रॅक्टर वीस-पंचवीस मिनिटं छान चालतो आणि मग हळूहळू मरतो. तेव्हा झाकण ढिलं करून बघा, फरक लगेच कळतो.

मग डिझेल. कॅनमध्ये किंवा ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलला पावसाळ्यात तळाशी पाणी धरतं. फिल्टरच्या वाटीचा खालचा बोल्ट सोडून पहिलं अर्धी वाटी डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं राहू द्या. तळाशी पाणी बसलं तर दिसेल. फिल्टर किती तासांपूर्वी बदलला ते आठवत नसेल तर आजच बदला.

हवा ओढली जातेय का, हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करायचा, तिथे पारदर्शक नळी लावून तिचं टोक डिझेलच्या बाटलीत बुडवायचं आणि हातपंप मारायचा. बुडबुडे येणं थांबलंच नाही तर टाकी ते हातपंप यांमधल्या नळीत, बंजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) वॉशरमध्ये किंवा गाळणीच्या वाटीच्या रबरात फट आहे. आमची चीर अशीच सापडली. नळी बोटांनी थोडी वाकवली की बुडबुड्यांची माळ जाड व्हायची, सोडली की बारीक व्हायची. नळी बदलली आणि ट्रॅक्टर पूर्वीसारखा उठला, पण तोवर फिरवलेल्या पंपाचं टाइमिंग पुन्हा लावावं लागलंच.

नोझल उतरवून दुकानात टेस्टरवर तपासून घ्या. घरी नोझल हवेत फवारून बघायचा मोह टाळा. हा फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत शिरलेलं डिझेल बोट किंवा हात गमवायची वेळ आणतं. असं कधी झालंच तर मलम लावून घरी बसायचं नाही. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

टॅपेट क्लिअरन्स (इंजिनाच्या व्हॉल्व्हची मोकळीक) आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघून ठेवा. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा सोडणाऱ्या नळीतून, भकभक धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, टाइमिंग कितीही अचूक लावलं तरी सकाळी त्रास होणारच.

पंप कोणता आहे ते ओळखा

जुन्या ट्रॅक्टरवर मुख्यतः दोन जातीचे पंप दिसतात. एक लांबट, एका रांगेत जितके सिलिंडर तितक्या नळ्या निघणारा. याला आपल्याकडे सरसकट मायको पंप म्हणतात. मायको ही १९५१ साली सुरू झालेली बेंगळुरूची कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण कारागिरांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. महिंद्रा ५७५ किंवा स्वराज ७३५ सारख्या ट्रॅक्टरांवर हा पंप सहसा दिसतो. दुसरा गोल, आटोपशीर, सगळ्या नळ्या एका डोक्यातून चक्राकार निघणारा रोटरी पंप, म्हणजे सीएव्ही डीपीए. सिम्पसन इंजिनाच्या जुन्या मॅसी १०३५ वर तो बऱ्याचदा असतो. दोघांची रीत वेगळी आहे. पुढची थेंबाची पद्धत लांबट पंपासाठी आहे, रोटरीवर ती करायची नाही.

थेंबाने टाइमिंग लावणं

आदल्या दिवशी पंप आणि आजूबाजूचा भाग ब्रशने, रॉकेल किंवा डिझेल वापरून धुऊन घ्या. पंपाच्या आत मातीचा एक कण गेला तरी एलिमेंटवर, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर आणि त्याच्या नळकांड्यावर, ओरखडा उठतो. चिंध्या आणि सुताचा बोळा दूर ठेवा, त्यांचे धागे आत जातात. सुटे भाग ठेवायला स्टीलच्या वाटीत गाळलेलं डिझेल घ्या. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. काही सोडण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर आरपार एक बारीक रेघ मारून घ्या. काहीही चुकलं तरी या रेघेवर परत येता येतं.

आता पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, आणि नवशिका इथेच सर्वात जास्त चुकतो. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. चार सिलिंडरच्या इंजिनात, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असताना, चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलायला लागले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिला कॉम्प्रेशनला वर आलेला असतो. तीन सिलिंडरमध्ये पहिल्याला असा जोडीदार नसतो. तिथे पहिल्याचाच इनलेट व्हॉल्व्ह बघायचा. तो खाली जाऊन पुन्हा मिटला की पुढे येणारी टीडीसीची (पिस्टन अगदी वर पोचल्याची) खूण ती खरी. त्या जागी पहिल्याचे दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलतात.

अंशांची खूण फ्लायव्हीलवर, बेलहाउसिंगच्या छोट्या खिडकीतून दिसते किंवा पुढच्या पुलीवर असते. फक्त टीडीसीची खूण असेल आणि अंश पुसले असतील तर मोजून काढता येतं. पुलीचा व्यास १८० मिलिमीटर असेल तर घेर सुमारे ५६५ मिलिमीटर. त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे १.५७ मिलिमीटर. पुस्तिकेत २० अंश असतील तर टीडीसीच्या खुणेपासून ३१.४ मिलिमीटरवर नवी खूण करायची. ती टीडीसीच्या खुणेआधी इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर यायला हवी, म्हणजे इंजिन ज्या दिशेला फिरतं त्या बाजूला, पुढे. कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून मोजा, सरळ फूटपट्टीने वळणावर मोजलं तर चुकतं.

पहिल्या नळीची दोन्ही टोकं सोडून ती काढा. पंपावरचा पहिला डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, वाटीत ठेवा, दुसऱ्या एलिमेंटच्या भागांत मिसळू देऊ नका. होल्डर परत लावून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी बसवा. तिचं तोंड खाली बाटलीत येऊ द्या. स्टॉपची केबल पूर्ण मोकळी आणि हाताचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा हवा. स्टॉप ओढलेला राहिला तर सगळं मोजमाप खोटं येतं.

एक माणूस सावकाश, एकसारखा हातपंप मारेल. दुसरा पुली, चालण्याच्या दिशेनेच, म्हणजे समोरून बघता बहुतेक ट्रॅक्टरना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवेल. कॉम्प्रेशनच्या खुणेच्या बरंच अलीकडून सुरुवात करा. आधी नळीतून डिझेलची सलग धार पडते. पुढे धार बारीक होते, मग ती तुटते आणि थेंब पडायला लागतात. इथे पुलीला बोटभरही घाई नको. थेंबांमधलं अंतर वाढत जातं. टोकाला थेंब फुगतो, लोंबतो, आणि पडायला दहा-पंधरा सेकंद घेतो. तिथे थांबा. एलिमेंटचं भोक बंद झालं, फवारा इथून सुरू होतो.

आता खूण बघा. धार तुटली आणि अंशांची खूण अजून काट्याला पोचली नसेल तर पंप लवकर आहे. खूण काट्याच्या पुढे गेली असेल तर उशिरा. पुली चुकून पुढे गेली तर तिथून मागे आणून खूण जुळवायची नाही. गिअरच्या दातांत मोकळीक असते, तिने रीडिंग चुकतं. पाव फेरा मागे न्या आणि पुन्हा पुढे या.

दुरुस्त करायचं असेल तर आधी इंजिन बरोबर अंशाच्या खुणेवर आणून उभं करा. पंपाचे नट जेमतेम हलतील इतके ढिले करा आणि उरलेल्या नळ्यांचे नटही मोकळे करा, नाहीतर पंप फिरताना नळ्यांवर ताण येतो. नियम एवढाच: पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट पंपाची बॉडी फिरवली की टाइमिंग लवकर होतं, त्याच दिशेने फिरवली की उशिरा. आधी बॉडी उशिराच्या बाजूला नेऊन धार सुरू करा, मग सावकाश लवकरच्या बाजूला आणत धार तुटून दहा-पंधरा सेकंदांच्या थेंबावर येऊ द्या. नट आवळा. पुली दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा थेंबावर या. लागोपाठ दोनदा तेच रीडिंग आलं तरच काम झालं असं समजा. आवळताना पंप किंचित सरकतो, म्हणून आवळल्यानंतरचंच रीडिंग खरं.

व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग परत बसवा, होल्डरला नवा वॉशर लावा, आणि टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेच्या मापानेच आवळा. "गळू नये" म्हणून जास्त आवळला तर आतला एलिमेंट दबून जाम होतो.

रोटरी पंप असेल तर

डीपीएच्या शाफ्टला एक जाड स्प्लाइन (खाचेत बसणारा दात) असते, त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो, आणि फ्लँजवरची रेघ इंजिनावरच्या रेघेशी जुळवायची असते. रेघ जुळते आणि तरीही शंका आहे, तर बाजूचं छोटं तपासणीचं झाकण उघडून आत फिरणाऱ्या प्लेटवरच्या अक्षराची रेघ आणि सर्क्लिपची खूण समोरासमोर येते का ते बघतात. कोणतं अक्षर ते पंपागणिक वेगळं असतं. पुस्तिका हाताशी नसेल तर ते झाकण उघडू नका, पंप सेंटरवरच न्या.

या पंपाचा एक वेगळाच आजार असतो. सकाळी थंड असताना लगेच उठतो, पण दुपारी रानात बंद केला की गरम असताना उठत नाही. आतला रोटर झिजलेला असतो आणि गरम, पातळ झालेलं डिझेल फटीतून निसटतं. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवूनच पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. मग उठला तर दोष पंपाच्या डोक्यात आहे, टाइमिंगमध्ये नाही. चालू पंपावर पाणी ओतू नका, बाहेरचा भाग एकदम आकसून रोटर जागीच धरतो.

पहिला स्टार्ट

हवा काढायचा क्रम फिल्टर, मग पंप, मग नोझलकडचे नट असा ठेवा. शेवटची हवा स्टार्टर मारून काढावी लागते. तेव्हा डोळ्यांवर चष्मा, नटावर फडकं आणि चेहरा बाजूला. बॅटरीची वायर जोडल्यावर स्टार्टर एका वेळी दहा सेकंदच मारा आणि मध्ये त्याला विसावा द्या.

चावी फिरवण्याआधी एअर क्लीनरचा पाइप इंजिनाकडून सोडा आणि तोंड झाकेल एवढी सपाट फळी हाताशी ठेवून एक माणूस तिथे उभा करा. पंप उघडल्यावर आतला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकला तर इंजिन बेफाम पळतं आणि स्टॉप ओढून ऐकत नाही. तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय. तळहात किंवा कापड लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

इंजिन नीट उठलं की पाइप लावा, पंधरा मिनिटं रिकामं चालू द्या, आवाज ऐका, मग लोड द्या. काम बरोबर झालं असेल तर फ्लँजवर छन्नीने नवी रेघ मारा, जुनी रेघ रंगाने झाका, आणि लावलेले अंश व तारीख पंपाशेजारी पेंटने लिहून ठेवा. दहा तास काम झाल्यावर पंपाचे नट पुन्हा एकदा टॉर्कला लावा आणि दोन्ही रेघा अजून समोरासमोर आहेत का ते बघा.